नदीबद्दल माशांचा कौल

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, फोर्ट वेन शहरापासून जवळच, अ‍ॅलन परगण्यात ब्लॅक क्रीक नावाचा एक ओढा आहे. मका आणि सोयाबीन यांच्या सपाट शेतांमधून वाहत तो मॉमी नदीला मिळतो आणि मॉमी पुढे ईरी सरोवराला मिळते. या ओढ्याच्या काठी तीर्थ नाही, किल्ला नाही, नाव घ्यावे असे गावही नाही. तथापि नदीच्या आरोग्याची परीक्षा तिच्यातील माशांकरवी करण्याची जी पद्धत आज अनेक देशांच्या सरकारी दफ्तरांत मान्यता पावली आहे, तिचा माग काढीत गेल्यास वाट या आडबाजूच्या ओढ्यापाशीच येऊन पोहोचते.

१९७० च्या सुमारास ईरी सरोवराची अवस्था शोचनीय झाली होती. शेतांतून धुपून येणारी माती आणि तिच्यासोबत येणारा फॉस्फरस यांमुळे सरोवरात शेवाळाचे थर माजत, आणि ते कुजू लागले की तळच्या पाण्यातील प्राणवायू संपून जाई. ही धूप शेताच्या बांधावरच अडविली तर सरोवराला कितपत दिलासा मिळेल, हे अजमावण्यासाठी केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण खात्याने पैसा पुरविला आणि ब्लॅक क्रीकच्या खोऱ्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. माती, खते आणि नांगरट यांचे जाणकार ज्या कामासाठी एकत्र आले होते, त्यातील ओढ्याच्या जीवसृष्टीचा भाग जेम्स कार नावाच्या एका तरुण प्राध्यापकाच्या वाट्याला आला. कार हे मूळचे पक्ष्यांचे अभ्यासक. रानातील पाखरांच्या वस्तीवरून रानाची हालहवाल ताडण्याची त्यांना सवय होती, आणि तीच नजर त्यांनी ओढ्याकडे वळविली. पाण्याचा निचरा लवकर व्हावा म्हणून शेतकऱ्यांनी ओढ्याची वळणे सरळ करून टाकली होती, तळ उपसला होता आणि काठची झाडे तोडली होती. अशा ओढ्याचे पाणी प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरले, तरी सावली, डोह, खळखळाट आणि पाण्यात उतरलेली मुळे यांच्यावाचून मासे तेथे नांदत नाहीत, हे कार यांना दिसून आले.

याच सुमारास देशाचा कायदाही बदलला होता. १९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जो जलशुद्धीचा कायदा मंजूर केला, त्याच्या प्रारंभीच उद्देश सांगितला होता तो असा की, देशातील जलाशयांचे रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडत्व पुनःस्थापित करावे व राखावे. तीन विशेषणांपैकी पहिल्याचा अर्थ अंमलदारांना चटकन उमगला, कारण रसायनांची मोजदाद करण्याची साधने हाताशी होती, कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी उभे राहून नमुना घेता येत होता आणि मर्यादा ओलांडली की दंड वसूल करता येत होता. तिसऱ्या विशेषणाचे काय करावयाचे, हे मात्र कोणालाच नीट सांगता येईना. जैविक अखंडत्व मोजावयाचे कशाने? ज्याला माप नाही त्याची फिर्याद कोर्टात टिकत नाही, आणि जे कोर्टात टिकत नाही ते कारभारात हळूहळू विस्मृतीत जाते, हा अनुभव सर्वच देशांतला आहे.

बाटलीतील पाण्याच्या परीक्षेत एक मूलभूत उणीव आहे. ती त्या क्षणाचेच सत्य सांगते. मध्यरात्री सोडलेले विषारी पाणी पहाटेपर्यंत मैलभर खाली निघून जाते, आणि सकाळी अकरा वाजता आलेल्या निरीक्षकाच्या बाटलीत त्याचा मागमूस उरत नाही. सणाच्या दिवशी एखाद्याच्या घरी जेवून त्या घराची वर्षभराची ददात ओळखू पाहण्यासारखेच हे आहे. शिवाय जे शोधावयाचे ठरविलेले नाही ते प्रयोगशाळेला सापडत नाही, आणि गाळाने बुजलेला तळ, कोरडा पडलेला उन्हाळा किंवा बंधाऱ्याने अडविलेली वाट या गोष्टी तर कोणत्याही परीक्षानळीत मावत नाहीत. माशाला मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात काढावे लागतात. त्याला काठावर चढता येत नाही, आणि त्याचे आयुष्य वर्षांत मोजावे असे असते. म्हणून त्या वर्षांत नदीवर जे जे गुदरले त्याची नोंद त्याच्या असण्यात, नसण्यात आणि अंगावरील व्रणांत उमटलेली असते.

१९८१ साली, इलिनॉय विद्यापीठात असताना, कार यांनी ‘फिशरीज’ या अमेरिकन मत्स्यसंस्थेच्या नियतकालिकात सात पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात जैविक अखंडत्वाचा निर्देशांक मांडला. एकच एक जात पकडून तिच्या संख्येवर निवाडा करण्याची जुनी रीत त्यांनी सोडली आणि ओढ्याच्या एका टापूत सापडलेल्या समग्र मत्स्यसमुदायाला बारा प्रश्न विचारावयाचे ठरविले. एकूण देशी जाती किती, त्यांत नाजूक प्रकृतीच्या किती, काहीही खाऊन जगणाऱ्या सर्वभक्षकांचे प्रमाण केवढे, कीटकांवर उपजीविका करणारे किती, इतर माशांवर जगणारे मोठे शिकारी टिकून आहेत काय, संकर किती झाला आहे आणि रोगट अंगाचे मासे शेकडा किती, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते.

यांतील काही प्रश्नांमागील तर्क मुद्दाम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील ओढ्यांत डार्टर नावाचे बोटाएवढे मासे असतात. पर्चच्या कुळातल्या या माशांना तरंगत राहण्यास साहाय्य करणारी हवेची पिशवी बहुधा नसतेच, असली तर अगदी खुरटलेली असते; म्हणून ते उथळ खळाळत्या पाण्यात, तळच्या गोट्यांच्या फटींत अंग टेकून राहतात, तेथेच कीटकांच्या अळ्या टिपतात आणि तेथेच अंडी घालतात. वसंतात इंद्रधनुषी डार्टरचा नर निळ्या-नारिंगी पट्ट्यांनी असा सजलेला असतो की, तो उष्ण कटिबंधातील एखाद्या शोभेच्या टाकीतून निसटला असावा असे वाटावे. शेतातली माती वाहून आली की या गोट्यांमधल्या फटी बुजतात, आणि फटी बुजल्या की डार्टरचे घर, अन्न आणि पाळणा ही तिन्ही एकदम नाहीशी होतात. म्हणून डार्टरच्या जाती मोजणे म्हणजे नदीच्या तळाची झडती घेणे होय. सकर नावाचे मोठे, तळ चोखणारे मासे याच्या उलट दीर्घायुषी असतात. निरनिराळ्या वयांची माणसे एकत्र वसलेल्या गावाप्रमाणे नांदणारी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आढळली, तर गेली अनेक वर्षे नदीवर मोठे अरिष्ट कोसळलेले नाही असे अनुमान निघते. हिरवा सनफिश हा मात्र गढूळ, कोमट आणि प्राणवायूला पारख्या झालेल्या पाण्यातही निर्धास्तपणे वाढतो. त्याचे प्रमाण वाढलेले पाहून आनंद मानावयाचा नसतो. इतर जातींनी सोडलेली जागा त्याने बळकावली आहे, एवढेच त्यावरून समजावयाचे.

प्रत्येक प्रश्नाला पाच, तीन किंवा एक गुण. त्या प्रदेशातील फारसा बिघाड न झालेल्या, तेवढ्याच आकाराच्या ओढ्यात जे दिसते त्याच्या जवळपास असेल तर पाच, बरेच ढळले असेल तर तीन, अगदीच दूर गेले असेल तर एक. बारा प्रश्नांची बेरीज जास्तीत जास्त साठ आणि कमीत कमी बारा होते; अठ्ठावन्न किंवा त्याहून अधिक म्हणजे उत्कृष्ट, बावीस किंवा त्याहून कमी म्हणजे अत्यंत निकृष्ट, आणि वारंवार जाळी लावूनही मासाच सापडला नाही तर त्यासाठी गुणही नाहीत, ‘मासे नाहीत’ असा वेगळाच वर्ग आहे. ‘तेवढ्याच आकाराच्या’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. डोंगरातील झऱ्यात आठ जाती सापडणे हे वैभव असू शकते, आणि मोठ्या नदीत आठच सापडणे हे दारिद्र्य. म्हणून पाणलोटाच्या क्षेत्राप्रमाणे अपेक्षित जातींची रेषा आधी आखून घ्यावी लागते.

प्रत्यक्ष पाहणीचे काम मेहनतीचे आणि काहीसे जोखमीचे असते. छातीपर्यंतचे रबरी पोशाख आणि हातमोजे चढविलेली मंडळी ओढ्यात उतरतात. एकाच्या हाती विजेचा धन-अग्र असलेला दांडा असतो, आणि पाण्यातून थांबून थांबून येणारा एकदिश प्रवाह सोडला की परिसरातील मासे जणू ओढले जाऊन त्या अग्राकडे पोहत येतात आणि क्षणभर गुंगी आल्यासारखे उलटतात. तेवढ्यात दुसरे लोक त्यांना जाळ्यात उचलतात. ओहायो राज्यात पायी उतरण्याजोग्या ओढ्याचा दीडशे ते दोनशे मीटर लांबीचा टापू असा काठाकाठाने, डोहाडोहाने विंचरून काढतात, आणि मोठ्या नदीत होडीतून पाचशे मीटर. काठावर ठेवलेल्या टाकीतून एकेक मासा हाती घेऊन त्याची जात सांगावयाची, मोजावयाचे, वजन करावयाचे, आणि विकृत अवयव, झिजलेले पर, जखमा व गाठी या चार खुणांसाठी त्याला उलटसुलट न्याहाळावयाचे. मग बहुतेकांना परत पाण्यात सोडावयाचे. एकसारख्या दिसणाऱ्या, करंगळीएवढ्या चंदेरी माशांच्या दहा-दहा जाती ओल्या हाताने, उन्हात उभे राहून, अचूक वेगळ्या करणारे हे लोकच या पद्धतीचे खरे भांडवल आहेत. या कामाला यंत्र पुरे पडत नाही.

कार यांनी कल्पना दिली. तिला कायद्याचे बळ दिले ते ओहायोने. त्या राज्याच्या पर्यावरण खात्याने १९८० च्या दशकात राज्यभर बिघाड कमी झालेली संदर्भस्थळे निवडून तेथील मत्स्यसमुदाय तपासला, त्यावरून निरनिराळ्या प्रदेशांसाठी अपेक्षित गुणांक ठरविले आणि १९९० साली ते गुणांक राज्याच्या जलगुणवत्तेच्या नियमांत दाखल केले. याचा अर्थ असा की, नदीचा गुणांक ठरलेल्या अंकाखाली गेला तर रसायनांचा अहवाल कितीही निर्दोष असो, ती नदी कायद्याच्या दृष्टीने बाधित ठरू लागली. हा फरक लहान नव्हता. ओहायोतील ४३१ स्थळांची रासायनिक आणि जैविक अशी दुहेरी तपासणी झाली, तेव्हा ५८ टक्के ठिकाणी दोन्ही निकाल जुळले, ६ टक्के ठिकाणी रसायनांनी दोष दाखविला पण जीवांनी नाही, आणि तब्बल ३६ टक्के ठिकाणी पाण्याचा दाखला स्वच्छ असूनही जीवसृष्टी ढासळलेली निघाली. एक तृतीयांशाहून अधिक रोगी ज्या तपासणीतून निरोगी ठरून घरी जातात, त्या तपासणीवर कोण विसंबून राहील?

हाच प्रकार ओहायोतील कायहोगा नदीवर कसा उलगडला ते पाहण्यासारखे आहे. क्लीव्हलँड शहरात २२ जून १९६९ रोजी या नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला, आणि जळणारी नदी म्हणून तिची देशभर अपकीर्ती झाली. या नदीला आग लागण्याची ती पहिली वेळ नव्हती, हे त्याहून लाजिरवाणे. पुढे सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे सुधारली आणि पाणी निवळले, परंतु मधल्या टप्प्यात, केंट आणि मन्रो फॉल्स या गावांजवळ, माशांचा गुणांक काही केल्या वर सरकेना. खात्याने २००० साली कारण नोंदविले: जुने बंधारे. त्यांच्यामागे पाणी साचून मंद होत होते, प्राणवायू घटत होता आणि खळखळाटावर जगणाऱ्या जातींना जागाच उरली नव्हती. केंटचा दगडी बंधारा १८३६ सालचा, आणि गावकऱ्यांचा त्यावर जीव. तेव्हा २००४ साली बंधारा जागेवर राखून नदीच त्याच्या बगलेने, कालव्याच्या जुन्या दाराच्या जागेतून, वळविण्यात आली. मन्रो फॉल्सचा बंधारा केवळ ठेंगणा करावयाचा बेत होता. पण पाणी उतरल्यावर त्याखाली नदीचा मूळचा खडकाळ धबधबा उघडा पडला, आणि २००५ साली तो बंधारा समूळ काढून टाकला गेला. त्यानंतर त्या टप्प्यातील मासे कसोटीस उतरले. एक थेंबही रसायन न बदलता नदी सुधारली. २०१९ साली, आगीला पन्नास वर्षे होत असताना, कायहोगातील मासे खाण्यास हरकत नाही असे राज्याने जाहीर केले.

या पद्धतीची स्तुती करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. जाती जितक्या अधिक तितकी नदी चांगली, हा समज थंड पाण्याच्या ओढ्यांत साफ उलटतो. विस्कॉन्सिनमधील ट्राउट माशांच्या निरोगी ओढ्यात मोजक्याच जाती असतात. काठची सावली गेली, पाणी तापले, की उबदार पाण्यातल्या अनेक जाती आत शिरतात आणि यादी फुगते. म्हणून जॉन लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तेथील थंड ओढ्यांसाठी वेगळाच निर्देशांक बांधला. दुसरा आक्षेप असा की, बारा गोष्टींची बेरीज करून एक आकडा काढला की त्यात आजाराचे निदान झाकले जाते. हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. परंतु बेरजेच्या मागचे बारा रकाने दफ्तरात तसेच राहतात, आणि डार्टर गेले की गाळ, गाठी वाढल्या की विष, असा माग त्यांतून काढता येतो. खरी अडचण वेगळी आहे. मूळची नदी कशी होती हे ठाऊक असल्याशिवाय तिचे किती बिघडले ते सांगता येत नाही. ओहायोचे भाग्य असे की, मिल्टन ट्रॉटमन यांनी आयुष्यभर राज्याच्या माशांची नोंद ठेवून १९५७ साली तिचा मोठा ग्रंथ केला होता. शास्त्रीय नावात त्यांचेच नाव धारण करणारा सायोटो मॅडटॉम हा चिमुकला मार्जारमीन जगात केवळ बिग डार्बी या ओढ्यात सापडला होता. त्याचे सगळे मिळून १८ नमुने हाती आले, १९५७ नंतर तो कोणालाही दिसला नाही, आणि २०२३ साली केंद्र सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. नोंद नसती तर तो गेला हेदेखील कळले नसते.

कार यांची पद्धत भारतात आली ती मराठी माणसाच्या परिचयाच्या मुलखात. होळकरांच्या इंदूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी खान नदी आणि ती जिला मिळते ती उज्जैनची क्षिप्रा, या दोन नद्यांतील मत्स्यसमुदायांना हा निर्देशांक लावून गणसन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट ह्यूज यांनी १९९८ साली आपला निबंध ‘फ्रेशवॉटर बायॉलॉजी’ या नियतकालिकात छापला. माळव्यात डार्टर नाहीत, अमेरिकी सकरही नाहीत, तेव्हा निकष येथील माशांच्या सवयी पाहून नव्याने घडवावे लागणे ओघानेच आले. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली.

महाराष्ट्राला तर हे काम अधिक सोपे जावयास हवे होते, कारण ट्रॉटमन यांच्या शतकभर आधीची नोंद आपल्यापाशी आहे. मुंबई सरकारच्या आकडेवारीचे काम करीत दख्खनभर फिरलेल्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. महसीरच्या एका जातीचा मूळ नमुना त्यांनी पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेतून घेतला होता. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात दिली, आणि २००३ साली वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेतील मासे पुन्हा तपासले. एकाच नदीच्या अशा तीन नोंदी, एकशे चौसष्ट वर्षांच्या अंतरात विखुरलेल्या, फार थोड्या देशांत सापडतील. निकषही आपल्याच पाण्यात तयार आहेत: खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या हा वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा साक्षीदार; हवेत श्वास घेऊ शकणारे मरळ आणि मांगूर हे मेलेल्या पाण्यातही तग धरणारे; आणि परदेशातून आणलेला टिलापिया, ज्याला आपले कोळी चिलापी म्हणतात, तो जेथे जाळे भरून निघतो तेथे देशी माशांचे काय झाले ते विचारावयास नको.

असे असूनही आपल्या नद्यांची प्रतवारी होते ती मुख्यत्वे एका आकड्यावर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यास किती प्राणवायू लागतो, त्या बीओडी नावाच्या मापावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीटप्पे नोंदले आहेत. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक आहे. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या आत बीओडी असलेला, पण धरणाखाली आठ महिने कोरडा पडणारा आणि चिलापीवाचून काही न उरलेला टप्पा या यादीत येतच नाही. घाटमाथ्याजवळचे नीरा, कोयना, भीमा यांचे जे उगमाकडचे ओढे अजून धड आहेत, ते आज आपली संदर्भस्थळे होऊ शकतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग, स्थानिक कोळ्यांना मजुरी देऊन सोबत घेऊन, ठरलेल्या टापूत ठरलेल्या ऋतूत मासे मोजू लागले, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या नोंदीला बाटलीच्या अहवालाइतकाच दर्जा देण्याची तरतूद केली, तर प्रारंभास तेवढे पुरे आहे. ओहायोने आपली संदर्भस्थळे एकदाच निवडून ठेवली नाहीत. दर दहा वर्षांत ती सर्व पुन्हा तपासण्याचा तेथे शिरस्ता आहे.